दोराला धरून वर: व्हरमाँटच्या छोट्या स्की-टेकड्यांवर चार दिवस

माझी लेक जिथे पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली, ती टेकडी या हिवाळ्यात उघडलीच नाही. मॅसॅच्युसेट्समधली, आमच्या घरापासून वीस मिनिटांवरची साधी टेकडी. वर न्यायला एक जुनी चेअरलिफ्ट, पायथ्याशी एक लाकडी खोली, आणि त्या खोलीत वाळत टाकलेल्या ओल्या मोज्यांचा वास. वरून खाली यायला दीड मिनिट पुरायचं. शाळा सुटली की पोरं बसनं थेट तिथेच उतरायची. नोव्हेंबरात फाटकावर कागद लागला, की विम्याचा हप्ता आणि लिफ्टची दुरुस्ती, दोन्ही झेपत नाही. सईनं तीन-चारदा विचारलं, "आई, पुढच्या वर्षी उघडेल ना गं?" मला उत्तर देता आलं नाही.

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या सहा राज्यांतल्या, बंद पडलेल्या स्की-टेकड्यांची नोंद ठेवण्याचं काम काही हौशी लोक 1998 पासून करत आहेत. ती यादी 600 च्या पुढे गेली आहे. आमचीही टेकडी आता त्या यादीत जाणार, या विचारानं मला बरेच दिवस चैन पडली नाही. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत मोठ्या रिसॉर्टला न जाता आम्ही दोघींनी व्हरमाँटमधल्या तग धरून राहिलेल्या टेकड्या बघायचं ठरवलं. त्या कशा टिकल्या, हे मला तिथल्या माणसांकडून ऐकायचं होतं.

पहिला दिवस, गुरुवार: वुडस्टॉक

वुडस्टॉक गावातून 12 नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात एक पाटी लागते. गाडी बाजूला घेतली. समोर गुरं चरायला सोडावीत असा एक उतार, त्यावर बर्फ, आणि कडेला झाडांची रांग. बाकी काही नाही. सईला वाटलं मी चुकीच्या जागी थांबले.

गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या याच शेतावर जानेवारी 1934 मध्ये अमेरिकेतला पहिला रोप-टो, म्हणजे स्की करणाऱ्यांना वर ओढून नेणारा फिरता दोर, सुरू झाला. तोवर स्की करायची म्हणजे तासभर चढायचं आणि दोन-तीन मिनिटांत खाली यायचं. गावातली खानावळ-सराई चालवणाऱ्या रॉइस दांपत्याकडे न्यूयॉर्कहून येणारे पाहुणे या चढाईला कंटाळले होते. कॅनडात क्युबेकमध्ये कुणी मोटारीच्या चाकाला दोर गुंडाळून लोकांना वर ओढतं, अशी बातमी इथे पोचली होतीच. मग एक फोर्ड मॉडेल टी आणली, तिच्या इंजिनावर दोराचं कडं फिरवलं, आणि माणसं दोर धरून वर जाऊ लागली. एका दिवसात जिथे चार-पाच वेळा खाली यायला मिळायचं, तिथे आता हातांत ताकद असेपर्यंत कितीही वेळा.

मला या गोष्टीत सर्वांत भावतं ते हे, की त्याला लागणारं सगळं सामान शेतकऱ्याकडे आधीच होतं. उतार, दोर, जुनी गाडी. म्हणूनच पुढच्या काही वर्षांत असे दोर न्यू इंग्लंडच्या गावागावांत लागले. शाळेमागे, चर्चमागे, कुणाच्या कुरणात. आजच्या त्या सहाशेच्या यादीतली कितीतरी नावं या दोरांचीच आहेत.

दुपारी जवळच्याच सॅस्काडीना सिक्सवर गेलो. वुडस्टॉकचा दोर पुढे चालवणारे बनी बर्ट्रम यांनीच 1936 मध्ये ही टेकडी सुरू केली. नकाशावर ती 'सहा नंबरची टेकडी' होती, आणि तिच्या समोरच्या उतारावरून खाली येणं म्हणजे आत्महत्या, असं ते म्हणाल्यावरून तिचं नाव सुइसाइड सिक्स पडलं. 2022 मध्ये ते बदललं. अबेनाकी भाषेत सॅस्काडीना म्हणजे उभा डोंगर. नाव बदलल्यावर काही जुनी मंडळी हळहळली, असं लिफ्टच्या रांगेत एका आजोबांनी सांगितलं. मला स्वतःला नवं नाव आवडलं. शाळकरी मुलांना घेऊन येतो त्या जागेचं नाव असंच असावं.

इथे चेअरलिफ्ट आहेत, बर्फ तयार करायची यंत्रणा आहे, कारण टेकडीच्या पाठीशी गावातलं मोठं हॉटेल आहे. बर्फ वाईट असला तरी हॉटेलच्या खोल्या भरतात, आणि हिवाळा निभावून जातो. हा टिकण्याचा एक मार्ग झाला. पण तसं हॉटेल प्रत्येक गावाला कुठून असणार?

दुसरा दिवस, शुक्रवार: अस्कटनी

सकाळी दक्षिणेला अस्कटनी डोंगराच्या पायथ्याशी. आज लिफ्ट बंद होती, हे ठाऊकच होतं. बर्फावर चालायचे रुंद बूट पायांत अडकवून आम्ही चढायला लागलो.

हा डोंगर एकटा उभा आहे, आजूबाजूला त्याच्या तोडीचं काही नाही. 1946 पासून इथे स्की चालायची. पुढे मोठं रिसॉर्ट झालं, हॉटेल आलं, अठराशे फुटांचा उतार, वेगवान चेअरलिफ्ट. मालक बदलत गेले, कर्जं वाढत गेली, आणि 2010 मध्ये सगळं बंद पडलं. चेअरलिफ्ट उचलून न्यू हॅम्पशरच्या दुसऱ्या डोंगरावर नेली. खालच्या वेस्ट विंडसर गावाची वस्ती हजार-दीड हजार. घरांचे भाव पडले, गावातलं दुकान बंद झालं.

चढताना जंगलात काँक्रीटचा एक चौथरा दिसला, वर गंजके बोल्ट. लिफ्टचा खांब इथे असणार. सई त्यावर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "आपल्या टेकडीवर पण असंच होईल?" मी म्हटलं, तेच बघायला आलोय.

छोट्या टेकड्या का बुडाल्या, याचं एकच कारण देणारे लोक मला भेटतात. 'बर्फ पडत नाही आता' म्हणून मोकळे होतात. बर्फ हे मोठं कारण आहेच. 1979-80 चा हिवाळा इथे जवळपास कोरडा गेला, आणि ज्यांच्याकडे बर्फ करायची यंत्रं नव्हती त्यांतल्या कित्येकांचा तो शेवटचा हंगाम ठरला. त्याआधी 1973 च्या तेलटंचाईनं शनिवार-रविवारच्या मोटारी रोखल्या होत्या. आणि 1978 मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. झुडपात स्की अडकून पडल्यानं लुळ्या झालेल्या एका तरुणाला रिसॉर्टनं 15 लाख डॉलर द्यावेत, हा ज्यूरीचा निर्णय कायम राहिला. तोवर स्की म्हणजे ज्याचा धोका त्यानं पत्करायचा, असं कायदा मानत आला होता. राज्यानं लगेच कायदा बदलला, पण विम्याचे हप्ते सगळीकडे चढले ते चढलेच. मोठ्या डोंगरानं तो खर्च तिकिटावर टाकला. तीस-चाळीस पोरांसाठी दोर फिरवणाऱ्या शेतकऱ्यानं कुणावर टाकायचा? त्यानं दोर गुंडाळून कोठारात ठेवला. त्या तरुणाबद्दल मला जराही तक्रार नाही. त्याचं आयुष्य खाटेला खिळलं होतं. पण आमच्या फाटकावरच्या कागदातला 'विम्याचा हप्ता' हा शब्द किती जुना आहे, ते मला चढता चढता उमगत गेलं.

आता अस्कटनीचं पुढचं. गावानं सभा भरवली. इथल्या गावांत वर्षातून एकदा सगळे मतदार एका छताखाली बसून गावाचा खर्च मंजूर करतात, आणि तशाच मतानं वेस्ट विंडसरनं डोंगराची ती जमीन विकत घ्यायचं ठरवलं. जमिनी राखण्याचं काम करणाऱ्या 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' या संस्थेची मदत मिळाली आणि 2015 मध्ये 450 हून जास्त एकर गावाच्या मालकीची झाली. स्वयंसेवकांची 'अस्कटनी आउटडोअर्स' ही संस्था ती सांभाळते. रिसॉर्ट पुन्हा उभारायचा हट्ट कुणी धरला नाही. खालच्या भागात आधी एक रोप-टो लावला, नंतर टी-बार, म्हणजे उलट्या टीच्या आकाराच्या दांड्याला टेकून वर जायची लिफ्ट. वरचे उतार चालत जाणाऱ्यांसाठी मोकळे. बर्फ पडेल तेवढाच, कृत्रिम नाही. आणि उन्हाळ्यात डोंगरभर सायकलींच्या पायवाटा.

ही शेवटची गोष्ट मला कळीची वाटली. जिची कमाई फक्त बर्फावर आहे, तिला एक उबदार जानेवारी पुरतो. इथे बर्फ आला नाही तर हिवाळा हुकतो, डोंगर हुकत नाही. कुत्र्याला घेऊन वरून परतणारी एक बाई भेटली. ती म्हणाली, दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तिनं उगाचच तीनदा जाऊन कॉफी घेतली होती.

उतरताना टी-बारचे उलटे टी निश्चल लोंबकळत होते. सईनं एकाला हात लावून बघितला.

तिसरा दिवस, शनिवार: ईस्ट कॉरिंथ

ज्या जागेसाठी हा प्रवास आखला होता, ती ही. नॉर्थईस्ट स्लोप्स. 1936 पासून चालू, आणि आजही चालवणारे बहुतेक सगळे बिनपगारी. गावातून बाहेर पडताना डाव्या हाताला उतार दिसतो, रस्त्याकडेलाच गाड्या लावायच्या. खाली शेड, आत चूल. तिकीट म्हणजे जॅकेटला लावायचा एक चिकट कागद, आणि त्याची किंमत इतकी कमी की मी पुन्हा विचारलं. मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर आज एका दिवसाचे 200 डॉलरपेक्षा जास्त मागतात.

दोराचा आवाज आधी ऐकू येतो. जुन्या ट्रकचं इंजिन घरघरतं, चाकावरून दोर सूं सूं करत सुटतो, आणि न थांबता वर धावत राहतो. चेअरलिफ्टवर बसायचं असतं. दोराला धरायचं असतं, आणि ते शिकावं लागतं. आधी दोर हातमोज्यातून नुसता सरकू द्यायचा. मग मूठ हळूहळू आवळत न्यायची. स्की चालू लागल्या की दुसरा हात पाठीमागे नेऊन दोर तिथेही पकडायचा, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटलं जातं. घाईनं एकदम धरलं तर खांद्याला हिसका बसून माणूस तोंडावर जातो. सई तिसऱ्या प्रयत्नाला वर गेली. दोनदा पडली तेव्हा इंजिनपाशी उभ्या असलेल्या काकांनी दोर थांबवला, तिला उभं केलं, तिच्या हातमोज्यांच्या तळव्यांवर रुपेरी चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. म्हणाले, दोर कातडं खातो, पट्टी खाऊ दे.

हे काका आठवडाभर शाळेची बस चालवतात. शनिवारी सकाळी सातला येऊन इंजिन सुरू करतात. इंजिन गार असेल तर सुरू व्हायला वेळ लागतो, दोर रात्रीत गोठलेला असतो, तो आधी बर्फातून मोकळा करावा लागतो. त्यांनी मला वरच्या टोकाची ती तारही दाखवली: कुणाचं जॅकेट दोरात अडकून तो शेवटच्या चाकाकडे ओढला गेला तर त्याच्या अंगानं तार सुटते आणि सगळं जागच्या जागी थांबतं. दर वर्षी राज्याचे तपासनीस येतात आणि ही तार स्वतः सोडून बघतात. दोर तुटला तर सांधा हातानं घालतात, पदरात पदर विणून, कित्येक फूट लांब. हा सांधा घालता येणारी माणसं आता गावात किती, असं विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं, आणि एकाच हाताची बोटं पुरली.

तिथे मी बराच वेळ गप्प उभी राहिले. बर्फाची, विम्याची, पैशाची चिंता मी घरून घेऊन आले होते. ही चिंता माझ्या मनातही नव्हती. इंजिन दुरुस्त करणारे, सांधा घालणारे, ग्रूमर चालवून पहाटे उतार सपाट करणारे, यांतले अर्धे-अधिक साठीच्या पुढचे. शेडमध्ये सूप वाढणारी मुलगी मात्र सोळा वर्षांची होती. ती इथेच स्की शिकली, आणि आता धाकट्यांना शिकवते. तिला पुढच्या हंगामात इंजिनावर उभं राहायचं आहे. काकांना तिच्याबद्दल बोलताना किती बरं वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

जेवताना एका तरुण बापाशी बोलणं झालं. त्याच्याकडे मोठ्या कंपनीचा, हंगामभर बऱ्याच डोंगरांवर चालणारा पासही होता. 2008 मध्ये पहिला तसा पास आला, 2018 मध्ये दुसरा, आणि बरेच मोठे डोंगर त्यांत वाटले गेले. हंगामाआधी घेतला तर हा पास स्वस्त पडतो, म्हणून लोक घेतात, आणि एकदा घेतला की प्रत्येक सुट्टीत तिथेच जातात. जवळची छोटी टेकडी मग त्यांच्या हिशेबात 'वरचा खर्च' होते. 2019 पासून छोट्या स्वतंत्र टेकड्यांचाही एक सामायिक पास निघाला आहे, त्याचा बऱ्याच जणांना आधार झाला. तरीही आकडे बघितले की काळजी वाटते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सातशेच्या वर स्की-क्षेत्रं होती, आता पाचशेच्या आत. आणि 2022-23 च्या हंगामात स्की करायला आलेल्यांची संख्या आजवरची सर्वांत मोठी भरली, साडेसहा कोटींच्या आसपास भेटी. म्हणजे लोक कमी झालेले नाहीत. ते थोड्या जागी गोळा झाले आहेत. त्या बापानं सांगितलं, मोठ्या डोंगरावर त्याचा मुलगा दिवसात सहा वेळा खाली येतो आणि इथे चाळीस वेळा. शिकणं कुठे होतं, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुपारी ऊन आलं आणि खालचा भाग पाणथळला. इथेही बर्फ तयार करत नाहीत. करायचा म्हटला तर तळं हवं, पंप हवेत, वीज हवी, आणि हवा कोरडी असली तरी निदान शून्याच्या आसपास गारवा हवा. दमट हवेत त्याहून जास्त. तशा रात्री कमी होत चालल्या, तर यंत्रं घेऊनही काय? काका म्हणाले, काही हंगामांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिवस उघडलो. पण खर्चच इतका कमी ठेवलाय, की एक वाईट हिवाळा आम्हाला बुडवू शकत नाही. मोठं व्हायचं नाही, हे या लोकांनी मुद्दाम ठरवलेलं आहे आणि त्यामागे नव्वद वर्षांच्या आसपासचा हिशेब आहे.

निघताना मी त्यांना विचारलं, पैसे द्यायचे असतील तर कुठे द्यायचे. पैसे चालतीलच, पण पानगळीनंतर उतारावरची झुडपं कापायला माणसं हवी असतात, असं म्हणून त्यांनी एका पाठकोऱ्या तिकिटावर ईमेलचा पत्ता लिहून दिला.

चौथा दिवस, रविवार: मॅड रिव्हर ग्लेन, मग रिचमंड

रात्र वेट्सफील्डजवळ काढली. सकाळी मॅड रिव्हर ग्लेनला फक्त अर्धा तास थांबलो. हा डोंगर छोटा नाही, आणि त्याचा उतार सईच्या आवाक्यातला नाही. पण 1948 ची ती एकेकट्यानं बसायची चेअरलिफ्ट मला बघायची होती. 2007 मध्ये ती जीर्ण झाली तेव्हा दोघांनी बसायची नवी घेणं स्वस्त पडलं असतं. तरी लोकांनी वर्गणी काढून एकट्याचीच पुन्हा उभारली. तसं ठरवता आलं, कारण 1995 पासून हा डोंगर इथे स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेचा आहे. खुर्चीमागून खुर्ची एकेक माणूस घेऊन धुक्यात जात होती.

घाट ओलांडून रिचमंडला उतरलो. कॉक्रन्स.

मिकी आणि जिनी कॉक्रन यांनी 1961 मध्ये आपल्या घरामागच्या उतारावर चारशे फुटांचा दोर लावला, तो स्वतःच्या चार मुलांना शाळा सुटल्यावर सराव करता यावा म्हणून. शेजारची मुलं आली, त्यांनाही शिकवलं. चौघंही अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गेली. त्यांतल्या बार्बरा ॲननं 1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये स्लॅलम या वळणांच्या शर्यतीचं सुवर्णपदक जिंकलं, 0.02 सेकंदांनी. धाकटी लिंडी 1976 च्या ऑलिंपिकमध्ये सहावी आली. तिचा मुलगा रायन कॉक्रन-सीगल यानं 2022 मध्ये बीजिंगला सुपर-जी या वेगाच्या शर्यतीचं रौप्य मिळवलं, आणि त्याचं सुवर्ण 0.04 सेकंदांनी हुकलं. मावशी आणि भाचा, दोघंही याच टेकडीवर शिकलेले. 1998 पासून टेकडी ना-नफा संस्थेची आहे, आणि पैसे नाहीत म्हणून कुठलंही मूल परत जाणार नाही, हा तिचा नियम आहे. पुढच्या पिढीतली भावंडं याच डोंगरावरच्या मेपलच्या झाडांचा रस काढून सिरप करतात. झाडांमधून ओढलेल्या नळ्या लिफ्टमधूनही दिसतात.

सईला हे सगळं सांगून झालं होतं. ऑलिंपिकची गोष्ट ऐकून ती थोडी बुजली होती. पण इथे आल्यावर तिला दिसलं ते इतकंच: तिच्यासारखीच पंचवीस-तीस पोरं, तीही आमच्या टेकडीएवढ्याच उतारावर, लाल-निळ्या काठ्यांमधून वळणं घेत खाली येताहेत, आणि खाली पोचली की पुन्हा वर पळताहेत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती गेली.

मी दोन तास खाली उभी होते. पायांची बोटं बधिर झाली. बाजूला एक आजी नातवाचे बूट बांधत होत्या. त्यांची स्वतःची मुलंही इथेच शिकलेली. मी त्यांना आमच्या बंद टेकडीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "जमीन विकली का?" म्हटलं, अजून नाही. "गावात कुणी एकत्र बसलंय का?" म्हटलं, मला माहीत नाही. "मग तुम्ही बसवा," असं म्हणून त्यांनी नातवाची दुसरी नाडी ओढली.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर सई गाडीत झोपून गेली, पट्टी गुंडाळलेले हातमोजे अजून हातात. घरी पोचल्यावर मी दोन ईमेल लिहिल्या. एक ईस्ट कॉरिंथला, झुडपं कापायला आम्ही दोघी येऊ म्हणून. दुसरी आमच्या शाळेतल्या आठ पालकांना. टेकडीच्या मालकांना भेटायला जायचंय, कोण येतंय, एवढंच विचारलं. सोमवारी दुपारपर्यंत पाच जणांची उत्तरं आली होती.